काकूंची काळी एक कुठे गेली

पार्श्वभूमी

घर कोथरूडमधलं. नावं-पत्ते सांगत नाही, घरच्यांना विचारूनच लिहितोय. मित्र, मित्राची आई म्हणजे काकू, आणि काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. काका बँकेत होते आणि पगारातला ठरावीक भाग दर महिन्याला रेकॉर्डमध्ये घालायचे, ही त्या घरातली जुनी भांडणाची गोष्ट. पुढे कॅसेट आल्या, मग सीडी आल्या, आणि रेकॉर्डचा सगळा ढिगारा माळ्यावर गेला.

मित्राने माळा उतरवला तेव्हा मोजदाद केली. ९० च्या आसपास एल.पी. (मोठ्या, मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या), तीसेक लहान ४५ च्या ई.पी., आणि ७८ च्या १९ तबकड्या, चपडा लाखेपासून बनवलेल्या, त्या काकांच्या वडिलांच्या, बहुतेक नाट्यसंगीत. एल.पी.त दोन पिढ्या सरळ दिसत होत्या, ईसीएलपी नंबरवाल्या मोनो आणि ईएएसडीवाल्या स्टिरिओ. त्याशिवाय एचएमव्हीचा सूटकेससारखा फिएस्टा प्लेअर (बंद), कॉस्मिकचा एक ॲम्प्लिफायर (बंद की चालू कोणालाच माहीत नाही) आणि दोन स्पीकर, ज्यांच्या कडेचा फोम बोट लावल्यावर चुरा होऊन खाली पडला.

माळा गच्चीच्या लगेच खाली. पुण्यात एप्रिलमध्ये स्लॅब किती तापतो ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा. त्यात रेकॉर्ड आडव्या, एकावर एक रचलेल्या. ११ एल.पी. वाकल्या होत्या आणि कव्हरांवर पावसाळ्यातली बुरशी होती. बाकी माल मात्र चांगला होता कारण काका वाजवताना फार जपायचे, काकूंना सुद्धा पिन ठेवू द्यायचे नाहीत.

काकू स्वतः संगीत विशारद आहेत, तीसेक वर्षं घरी गाण्याच्या शिकवण्या केल्या. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे सगळं प्रकरण इथेच येऊन अडतं आणि आम्ही तिघं-चौघं शहाणे नेमके हेच विसरलो.

अडचण

मित्राचा मावसभाऊ अमेरिकेहून येणार होता. त्याने तिकडे सेकंडहँड घेतलेलं सत्तरच्या दशकातलं जपानी बनावटीचं बेल्टवालं टर्नटेबल बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलं, मावशीसाठी भेट. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलेलं. व्होल्ट सगळ्यांनी वाचले. हर्ट्झ वाचले की नाही माहीत नाही, वाचले असतील तरी कोणी मनावर घेतले नाहीत. मित्र बुधवार पेठेत गेला, पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिकडून २३० चा ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला, आणि टर्नटेबल फिरायला लागलं. घरात पेढे.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र मी आधीच पोचलो होतो हे नशीब. तीस वर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घालायचा नाही, आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. आम्ही इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड लावला, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मध्ये. बल्ब क्षणभर भगभगला आणि मग मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. भगभगीतच राहिला असता तर तिथेच थांबायचं. दोन कपॅसिटर फुगलेले होते ते बदलून घेतले. स्पीकरचे फोम नवे बसवून आणले. पिन बसते तो भाग, म्हणजे कार्ट्रिज, मॅग्नेटिक असल्यामुळे वायर ॲम्पच्या मॅग्नेटिकवाल्या इनपुटमध्येच घातली, कारण तिचा आउटपुट जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज तिथे परत भरून मिळतो. ऑक्झिलरी म्हणजे साध्या इनपुटमध्ये घातली तर आवाज डासासारखा येतो. भुणभुण येत होती, ती अर्थिंगची बारीक तार जोडल्यावर गेली.

पहिली रेकॉर्ड किराणा घराण्याच्या एका मोठ्या बुवांची, काकांची लाडकी. विलंबित सुरू झालं. काकू दोन मिनिटं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "पट्टी उतरलीय रे ह्यांची."

मित्र म्हणाला, "आई, जुनी रेकॉर्ड आहे, झिजली असेल."

"झिजली तर खरखरेल. पट्टी कशी उतरेल? आणि लय बघ, तबलजीला झोप लागलीय."

"अगं विलंबित आहे, हळूच असणार ना!"

यावर काकूंनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी शिकवणीला आलेल्या पोरांवर पडताना बघितली आहे.

पण गंमत अशी की आमच्याकडे पुरावा होता. मावसभावाने टर्नटेबलसोबत कागदाची स्ट्रोब चकती दिली होती, ती रेकॉर्डसारखी ठेवायची आणि मेन्सवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली बघायची, रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. मागच्या बाल्कनीत जुनी चोकवाली ट्यूब होती, तिच्याखाली बघितलं. रेघा अगदी ठाम स्थिर. झालं, विषय संपला, यंत्र बरोबर आणि काकूंचं वय ७४. "कान तपासून घेऊया का एकदा" असं मित्र त्यांच्यासमोर बोलला नाही, पण स्वयंपाकघरात मला बोलला, आणि मी गप्प बसलो. एका दुकानदाराने तर फोनवरच निकाल दिला की रेकॉर्डच गेल्यात, नवीन प्रिंट घ्या.

पुढचे तीन आठवडे काकूंनी टर्नटेबलला हात लावला नाही.

तिढा कसा सुटला

काकूंनीच सोडवला. एका रविवारी मी जुन्या बाजारातून फिरून त्यांच्याकडे चहाला गेलो तर त्यांनी पेटी काढून ठेवली होती. तीच रेकॉर्ड, तोच राग, मित्राच्या मोबाईलवर लावायला सांगितला. पेटीवर षड्ज धरला, काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. मग टर्नटेबलवर तीच रेकॉर्ड लावायला लावली आणि षड्ज शोधला. काळी पाच, खालची, आणि तीही पूर्ण लागेना, बुवा तिच्याहून किंचित खालीच.

"सव्वातीन सूर खाली गातायत. आता मला सांगा कोणाचे कान तपासायचे." (स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर ऐकू जातं.)

तीन अर्धे सूर आणि वर थोडं, हे ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली, बाल्कनीतली नव्हे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस, म्हणजे ती व्होल्टेजवर स्पीड ठरवत नाही, विजेच्या ठेक्यावर चालते. ठेका सहाचा पाच झाला तर मिनिटाला ३३ १/३ चे २७.८ फेरे होतात. पाच षष्ठांश म्हणजे स्वरात तीन अर्ध्या सुरांपेक्षा जरासं जास्त, काकूंनी पेटीवर धरलं तेवढंच. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झला तो हातसुद्धा लावत नाही.

आणि स्ट्रोब चकती? ती अमेरिकेतली, २१६ रेघांची, ६० हर्ट्झची. आपल्याकडे ३३ साठी १८० रेघांची लागते. ट्यूब तिथे सेकंदाला १२० वेळा लुकलुकते, इथे १००. म्हणजे मोटर ज्या प्रमाणात हळू झाली त्याच प्रमाणात ट्यूबही हळू झाली, दोघांनी मिळून खोटी साक्ष दिली आणि रेघा स्थिर दिसल्या. मला हे कळल्यावर खरंच हसू आलं. चुकलेलं घड्याळ त्याच चुकलेल्या घड्याळाशी लावून बघावं तसा प्रकार.

खात्रीसाठी सगळ्यात गावठी उपाय केला. ३३ १/३ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा तुकडा ठेवला, स्टॉपवॉच लावलं, काकू मोजत होत्या, मात्रा मोजायची सवय असल्याने त्या चुकत नाहीत. तीन मिनिटांत ८३.

पर्याय

आता करायचं काय यावर घरात चांगले आठ-दहा दिवस चर्चा चालली.

सगळं विकून टाकावं हा पहिला, मित्राच्या बायकोचा, आणि तो मूर्खपणाचा नव्हता, टू बीएचकेत जागा कुठे आहे. पण काकूंनी त्यावर काही उत्तरच दिलं नाही आणि तो विषय आपोआप मागे पडला.

दुसरा, सूटकेससारखा नवीन स्वस्त ऑल-इन-वन प्लेअर. मी विरोध केला. त्यात बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असते, पिनेचा दाब पाच ग्रॅमच्या आसपास, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा साधारण दोन ग्रॅम. काकांनी चाळीस वर्षं जपलेल्या रेकॉर्डवर तो नांगर फिरवायला जीव होईना.

तिसरा, नवीन किंवा जुनं पण डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हवालं टर्नटेबल, त्याला हर्ट्झचा प्रश्नच नाही. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात सरळ रस्ता होता, आजही कोणी विचारलं तर मी आधी हाच सांगेन. पण मावसभावाने सात समुद्रापलीकडून आणलेली वस्तू माळ्यावर टाकायची म्हणजे त्याची आई, म्हणजे काकूंची बहीण, पुढची दहा वर्षं ऐकवणार.

चौथा, विजेचा ठेकाच ६० चा बनवून देणारा छोटा सर्किट बॉक्स. होतो, लोक बनवतात, पण दुरुस्त कोण करणार या मुद्द्यावर पडला.

पाचवा, मोटरवरची पुली बदलायची. मोटर पाच षष्ठांश फिरतेय तर पुली त्या प्रमाणात मोठी केली की ताट, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची चकती, परत बरोबर फिरेल. जपानमध्ये तर पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ असा एकाच देशात दुभंग आहे, त्यामुळे तिथल्या कंपन्या दोन्ही मापांच्या पुल्या करायच्याच. ओरिजिनल शोधली, बाहेर एक मिळत होती, पण किंमत आणि कुरिअर मिळून टर्नटेबलपेक्षा महाग. मित्र म्हणाला, "आपण पुण्यात राहतो. भोसरीत लेथ कमी आहेत का?"

काय केलं

त्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. जुनी पुली काढून नेली होती. ३३ चा टप्पा १४.२ मिलिमीटर. मित्राने हिशोब लिहूनच आणला होता, १४.२ गुणिले १.२ बरोबर १७.०४. तिथल्या मिस्त्रींनी पुली बोटांत फिरवून पहिला प्रश्न विचारला, "टॉलरन्स किती?" म्हणजे मापात किती फरक चालेल. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुसरा प्रश्न, "पट्टा केवढ्या जाडीचा?" तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला, हीच दुसरी चूक.

पुली आली, पितळेची, सुरेख. बसवली, १०० फेऱ्या मोजल्या, १८१ सेकंदांच्या किंचित वर. काकूंनी पेटीवर धरून "हां, आता आले बुवा घरी" असं म्हटलं आणि पूर्ण बाजू ऐकली.

पण मित्र इंजिनिअर, त्याला तो एक सेकंद झोपू देईना. मग लक्षात आलं की मिस्त्रींचा प्रश्न बरोबर होता. बेल्ट ०.६ मिलिमीटरचा आणि ताट खरं ओढलं जातं ते बेल्टच्या मधल्या जाडीवर, म्हणजे पुलीचा कामाचा व्यास १४.२ नाही तर १४.८. त्याच्या १.२ पट १७.७६, त्यातून बेल्ट वजा केला की १७.१६. आम्ही ०.१२ मिलिमीटर कमी कापून घेतली होती, तेवढ्याने स्पीड पाऊण टक्क्याच्या जरा आत राहिली. परत भोसरी. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त हसले, आणि दुसरी पुली पहिल्याच्याच भावात, सहाशे रुपयांत, करून दिली. यावेळी १८० सेकंद.

दुसऱ्या पुलीची गरज होती का यावर आमचं एकमत नाही. आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा पट्टा ठरवून दिलाय, म्हणजे स्पीड तशीही केसभर इकडेतिकडे होतच राहणार. काकू पहिल्या पुलीवरही खूश होत्या. पण तानपुरा सोबत लावून ऐकायचं असेल तर पाऊण टक्का खुपतो, हेही खरं.

मोटर थोडी गरम होत होती, त्याचंही कारण हेच, ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवताना व्होल्टही त्याच प्रमाणात उतरवायला हवेत, १२० चे १००. बुधवार पेठेतच एकाकडून १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. आधीचा ११० वाला आता मिक्सरशेजारच्या कपाटात पडलाय.

रेकॉर्ड आणि एक न भरून येणारं नुकसान

हा भाग लिहू नको असं मित्र म्हणाला होता, मग म्हणाला लिही, कोणाच्या तरी वाचतील.

पट्टीचा घोळ चालू असताना त्याने रेकॉर्ड धुवायला घेतल्या होत्या. कुठेतरी बघितलं होतं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. एल.पी.ला हे डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडंसं मिसळून चालतं, त्या विनाइलच्या. पण त्याने सुरुवात सगळ्यात मळक्या रेकॉर्डपासून केली, म्हणजे ७८ च्या, आणि त्याही पाणी न मिसळलेल्या अल्कोहोलने. त्या लाखेच्या. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. कापडावर काळं उतरायला लागलं तेव्हा त्याला वाटलं मळ निघतोय, म्हणून अजून जोरात पुसलं. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीच्या मध्यावर त्याला उजेडात दिसलं की चकाकीच गेलीय आणि रेघा पांढुरक्या झाल्यात.

१९ मधल्या दोन पूर्ण गेल्या, एक अर्धी. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सासऱ्यांच्या होत्या," एवढंच.

बाकीच्या १६ नंतर आम्ही डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात ते) आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, एकेक करून पुसल्या आणि लगेच सुकवल्या. एल.पी. धुवून नवीन आतल्या पिशव्यांत घातल्या आणि हॉलच्या आतल्या भिंतीला उभ्या लावल्या, जिथे दुपारचं ऊन येत नाही. वाकलेल्या ११ पैकी सात वाजतात, पिन होडीसारखी वरखाली होते पण उडत नाही. चार ठेवून दिल्या.

निष्पत्ती

सगळं धरून चार महिने लागले. खर्च साधारण अकरा हजार, त्यात सर्वात मोठा भाग स्पीकरचे फोम आणि नवीन पिन. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक बाजू, हा काकूंचा नियम आहे. वीस-बावीस मिनिटांची बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. पूर्वी बावीसची साडेसव्वीसला संपत होती आणि आमच्यापैकी एकालाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

मोनो रेकॉर्डसाठी ॲम्पचं मोनो बटण दाबायचं हे काकूंनी स्वतः शोधलं, खरखर बरीच कमी होते कारण पिनेच्या वरखाली हलण्यातून येणारा बराचसा आवाज दोन चॅनेल एकत्र झाले की एकमेकांना खाऊन टाकतो. आता पिनही त्याच ठेवतात.

वेगळं काय करता आलं असतं

टर्नटेबलच्या मागची पट्टी पूर्ण वाचता आली असती, ही पहिली गोष्ट. बाहेरून आलेल्या टर्नटेबलवर हर्ट्झ आधी बघायचे, व्होल्ट नंतर. फक्त ६० लिहिलं असेल आणि मोटर एसी सिंक्रोनस असेल तर ट्रान्सफॉर्मर घ्यायला धावू नये. ५०/६० असं लिहिलेलं असेल तरी आत त्यासाठी पुली किंवा स्विच बदलायचा असतो का ते बघावं.

स्ट्रोब चकतीवर ५० लिहिलंय ना, ते बघावं. किंवा चकती राहू द्या, कागदाचा तुकडा आणि १०० फेऱ्या मोजा, किंवा मोबाईल ताटावर ठेवून स्पीड सांगणारी ॲप असतात, तीही मेन्सवर अवलंबून नसतात. हे मला माहीत होतं, तरी मी पहिल्या दिवशी केलं नाही, कारण रेघा स्थिर दिसल्या आणि माझं समाधान झालं. ही चूक मित्राची नाही, माझी.

आणि घरात जी व्यक्ती ती रेकॉर्ड शेकडो वेळा ऐकून बसलीय ती म्हणतेय पट्टी उतरलीय, तर त्याच दिवशी पेटी काढायला हवी होती. काकूंना तीन आठवडे लागले ते पुरावा गोळा करायला नाही, मला नंतर म्हणाल्या, "मलाच वाटायला लागलं होतं की खरंच कान गेले असतील. पेटी काढायची भीती वाटत होती."

मिस्त्रींच्या प्रश्नाला तिथेच उत्तर दिलं असतं तर सहाशे रुपये आणि भोसरीची एक ट्रॅफिकमधली चक्कर वाचली असती. ७८ च्या बाबतीत तर लेबलच्या आधी वस्तू काय आहे हे बघायचं एवढंच होतं, जड, जाडसर आणि पडली तर बशीसारखी फुटणारी तबकडी असेल तर ती लाखेची, तिला अल्कोहोल दाखवायचंसुद्धा नाही.

राहिल्या त्या १६ तबकड्या. या टर्नटेबलला ७८ चा स्पीडच नाही, आणि असता तरी एल.पी.ची पिन चालत नाही, ७८ ची रेघ कितीतरी रुंद, तिला जाड पिन लागते. फिएस्टाला ७८ आहे, पिन उलटी करायची सोयही आहे, पण आतलं रबराचं चाक एका जागी चेपलंय आणि ते सध्या रबर चढवायला दिलंय. काकूंनी कुठली आधी लावायची ते काढून ठेवलंय. ती अर्धी पुसलेली.